आईचा उजवा हात

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतोच, पण हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीत जेवताना काकांनी विचारलं, "हिचं डॉक्टरकीचं थोडक्यात हुकलं ना?" बाबा, तुम्ही म्हणालात, "हो, अगदी थोडक्यात." माझी बाजू सावरायला म्हणालात, हे मला कळतं. मी तेव्हा खाली मान घालून वाढत राहिले. पण ते वाक्य माझ्याबरोबर मुंबईला आलं.

नीटमध्ये सरकारी एमबीबीएसपुरते गुण नव्हते, हे खरं. सीईटी सेलचा अर्ज भरताना ऑक्युपेशनल थेरपी मी नाइलाजानेच लिहिली, हेही खरं. आज चार वर्षं संपून इंटर्नशिप चालू आहे आणि मी नाइलाजाने इथे नाही. कोणी विचारलं तर आता "हुकलं" म्हणू नका. मुलगी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते आहे, एवढंच सांगा.

म्हणजे काय, असं लगेच विचारतील. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात आणि त्या शब्दाने घोटाळाच होतो. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. सकाळी उठल्यापासून माणूस जे जे करतो ते सगळं: दात घासणं, शर्टाची बटणं लावणं, भाकरी थापणं, लोकलमध्ये चढणं, शाळेत पेन्सिल धरणं. आजाराने किंवा अपघाताने यातलं जे सुटलं, ते परत मिळवून द्यायचं. मिळणारच नसेल, तर दुसरी रीत शोधायची.

आमच्या वॉर्डात अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेल्या एक मावशी होत्या. पहिल्या दिवशी मी कागद घेऊन बसले आणि विचारलं, काय जमायला हवं? मला वाटलं, चालणं म्हणतील. त्या इतक्या हळू बोलल्या की मला वाकावं लागलं. "परकराची नाडी मुलगा बांधतो गं." बाकी काही मागितलं नाही.

मग आम्ही त्या एका कामाचे तुकडे पाडले. खाटेच्या कडेला तोल सांभाळून बसणं, परकर पायातून वर ओढणं, टेकून उभं राहणं, कमरेशी घट्ट करणं. शेवटचं एका हाताने होणारं नव्हतं, म्हणून नाडी काढून इलॅस्टिक घातलं आणि ओढायला दोन बाजूंना कापडी लूप शिवले. ब्लाउजची रीतही शिकवली: घालताना अधू हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. बरेच आठवडे लागले. ज्या दिवशी त्यांनी मुलाला पडद्याबाहेर थांबायला सांगितलं, त्या दिवशी मी जिन्यात जाऊन रडले. त्यांच्यावर औषधोपचार करणाऱ्या डॉक्टरांचं काम मोठं आहेच, त्यांच्याशिवाय त्या वाचल्याच नसत्या. पण नाडीचा प्रश्न त्यांच्या फाइलमध्ये नव्हता, तो आमच्या कागदावर होता.

बाबा, तुम्हाला वाटतं मोठ्या विद्यापीठात असल्या कोर्सकडे कोण बघणार. आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, म्हसरूळला आहे, 1998 सालचं. एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि आम्ही, सगळे त्याच विद्यापीठाच्या परीक्षा देतो. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आम्हालाही सुटलेलं नाही. खांद्यातून बोटांपर्यंत उतरणाऱ्या नसांचं जाळं मी इतक्या वेळा काढलंय की आता डोळे मिटून काढेन. विद्यापीठ एवढं अफाट की त्यात आपला आकडा कुठेतरी हरवतो, हे खरं आहे, आणि पहिल्या वर्षी मला फार एकटं वाटायचं. पण मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात शिकताना जे दिसतं ते महागड्या कॉलेजात दिसलं नसतं. इथे ज्याला कुठेच परवडत नाही तो येतो.

आणि एक गोष्ट सांगायची मी किती दिवस राखून ठेवली होती. शाळेत जाता-येता आपल्या फलटणमधली कमला निंबकर बालभवनची पाटी मी वर्षानुवर्षं वाचली. कमला निंबकर कोण, हे मी कधी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही. त्या पहिल्या वर्षाच्या लेक्चरमध्ये भेटल्या! जन्माने अमेरिकन, नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडच्याच झाल्या, एलिझाबेथच्या कमला झाल्या. पुढे फिलाडेल्फियाला जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि 1950 मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात देशातलं या विषयाचं पहिलं विद्यालय त्यांनी सुरू केलं. 1952 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी केली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, त्याच्या 10 संस्थापक देशांत भारत होता. मी बाकावर ताठ बसले. शेजारच्या मुलीला म्हणाले, ही आमच्या गावातली पाटी आहे. त्या दिवसापासून यादीत खालचा पर्याय घेतल्याची भावना माझ्या मनातून गेली. नोंदणीचं म्हणाल तर महाराष्ट्रात आमची परिषद आहे आणि 2021 मध्ये केंद्राने आरोग्य-व्यावसायिकांसाठी वेगळा कायदाही केला. म्हणजे काळजी नको.

आता आई, तुझ्याविषयी. दिवाळीत मी तुझ्यावर लक्ष ठेवून होते, रागावू नकोस. सांडशीने दुधाचं पातेलं उचलताना तू ओठ दाबतेस. धुणं पिळायला बाबांना हाक मारतेस. डब्याचं झाकण दातांनी ओढलंस. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं तेव्हा "काही नाही गं" म्हणत हात मागे घेतलास. त्या सांध्याची झीज असावी असं मला वाटतं, पण आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं, निदान त्यांनी करायचं. तोवर एवढं ऐक. सांडशी बंद, कारण चिमटीत दाबताना सगळा जोर नेमका त्याच सांध्यावर येतो. दोन कानांची कढई, पातेली खाली काढ आणि जाड फडक्याने दोन्ही हातांनी धर. टॉवेल पिळायचा तर नळाभोवती गुंडाळून ओढ. झाकण उघडताना वर रबराचा तुकडा ठेवून सगळा तळवा फिरव. बॉलपेनला कापड गुंडाळून जाड कर, हिशेब लिहिताना बरं वाटेल.

डॉक्टरांनी हो म्हटलं तर अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट मी स्वतः करीन. प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून हातावरच बसवायचा असतो. कापायच्या आधी कागदी साचा लागतो. तुम्ही याल तेव्हा नीट मापं घेईनच, पण मला आधी कागदावर सराव करायचा आहे.

म्हणून बाबा, या पत्राबरोबर एक कोरा कागद ठेवला आहे. आईचा उजवा हात त्यावर पालथा ठेवायला सांगा, बोटं सैल, अंगठा सहज बाजूला. पेन्सिल उभी धरून कडेकडेने आखा, मनगटाच्या खाली चार बोटं जाईपर्यंत. अंगठ्याच्या सांध्यांपाशी आणि मनगटाच्या दोन्ही बाजूंना टिंब द्या. बांगड्या काढून घ्या, नाहीतर रेघ चुकेल. आणि आखताना तिला दुखलं तर थांबा, ती सांगणार नाही, तिच्या ओठांकडे बघा.

तुमची,
लेक