मुलासाठी रक्त नाकारलं जातं तेव्हा

प्रिय माधव,

तुझं पत्र मिळालं. मुलांच्या वॉर्डात रुजू होण्याआधीच तू विचारलंस, की आईबाप धर्माचं कारण देऊन मुलाला रक्त द्यायला नाही म्हणाले तर काय करायचं.

वाद घालू नकोस, आधी विचार: नेमकं काय चालत नाही? यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा नकार मुख्यतः तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा या चार गोष्टींना असतो. अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, रक्त गोठवणारे फॅक्टर ही रक्तातून वेगळी काढलेली प्रथिनं घ्यायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर सोडलेलं असतं. एकेका गोष्टीपुढे हो की नाही ते लिहून घे. केसपेपरवर नुसतं ‘रक्त नाकारलं’ असं राहिलं, तर रात्रपाळीचा डॉक्टर चालणारं औषधही देणार नाही. आणि आईला वेगळं, वडिलांना वेगळं विचार. त्यांच्या धर्ममंडळीतले वडीलधारे खोलीत असले, की मिळालेलं उत्तर नक्की कुणाचं हे कळत नाही.

मग मुलाच्या रक्ताचा हिशेब मांड. किलोमागे साधारण 75 मिली, म्हणजे 20 किलोच्या मुलात दीड लिटर. रोज 3 मिलीच्या 5 नळ्या भरल्या, तर आठवड्यात 105 मिली जातं. एकूण रक्ताचा 7 टक्के भाग, आणि तो आपणच काढलेला! सर्वांत छोट्या नळ्या वापर, तपासण्या एकत्र कर, नको त्या रद्द कर. ऑपरेशन ठरलेलं असेल तर काही आठवडे आधी लोह सुरू कर, लागलं तर तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची जोड दे, ऑपरेशनच्या वेळी रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड. मात्र एरिथ्रोपोएटिनचा परिणाम दिसायला आठवडा तरी जातो. रक्तस्राव चालू असलेल्या मुलाला त्याचा काहीही उपयोग नाही.

ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, ही काटकसर पुरत नाही. केमोथेरपीच्या पहिल्या महिन्यात प्लेटलेट्स 10,000 च्या खाली, हिमोग्लोबिन 7 च्या खाली जाऊ शकतं, आणि तेव्हा पर्याय उरत नाही. म्हणून ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणू नकोस. निदान झालं त्याच दिवशी वरिष्ठांना आणि हॉस्पिटलच्या वकिलाला कळव. कोर्टाचा आदेश नेमका मागायचा: कोणता उपचार, कोणत्या आजारासाठी, किती मुदतीपर्यंत. आईबापांना अंधारात ठेवून मात्र जाऊ नकोस, त्यांचं म्हणणंही कोर्टापुढे यायला हवं. आदेश आला की काहींना सुटल्यासारखं वाटतं. मूल वाचतं आणि श्रद्धा त्यांनी स्वतःच्या हातानं मोडलेली नसते. मला हा मार्ग त्यांच्यावरही दया करणारा वाटतो.

मूल हातातून जात असेल तर बहुतेक कायदे आदेशासाठी थांबायला सांगत नाहीत. दोन वरिष्ठांनी गरज लिहून ठेवायची आणि जीव वाचवण्यापुरता उपचार करायचा. सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याच्या कागदावर आईबापांनी सही केली, म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. मोठा माणूस स्वतःसाठी मरण पत्करू शकतो, मुलासाठी नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1944 मध्येच सांगितलं आहे.

सगळाच उपचार सोडून फक्त प्रार्थना करणारी घरं वेगळी. तिथे वेळ आणखी कमी असतो. टाइप 1 मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन बंद झालं तर एक-दोन दिवसांत उलट्या, खोल आणि जलद श्वास, मग गुंगी. 1998 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या अशा 172 मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास आला. त्यातल्या 140 जणांच्या आजारात उपचारानं वाचण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त होती. प्रार्थना थांबवा असं कधीच म्हणू नकोस. प्रार्थना आणि इंजेक्शन एकाच खोलीत होऊ शकतात.

पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल तर त्याच्याशी एकांतात बोल. इंग्लंडमध्ये 15 वर्षांच्या एका मुलाला कोर्टाच्या आदेशानं रक्त दिलं गेलं. 18 पूर्ण झाल्यावर त्यानं स्वतः ते नाकारलं आणि तो गेला. आदेशानं वेळ मिळतो, मन वळतंच असं नाही. म्हणून रक्त चढवताना आईला बाहेर काढू नकोस. तिला मुलाचा हात धरून बसू दे, आणि मुलासमोर तिच्या नकाराबद्दल कुणी एक शब्दही बोलणार नाही, हे नर्सना आधीच सांगून ठेव.

तुझा,
अनंत