हीटर नाही घेतला, बाबा

प्रिय आई-बाबा,

इथे रेंज सारखी जाते म्हणून सगळं एकदाच लिहून पाठवतेय. बाबा, हीटर किती वॅटचा घेतला असं सारखं विचारताय ना, तर घेतलाच नाहीये. लेहला रात्री उणे 15 वगैरे होतंय हे खरंय, पण मी आत्ता खोलीत फक्त एक स्वेटर घालून टाइप करतेय.

कारण ऐकून तुम्ही वैतागणार. घर दक्षिणमुखी आहे! नाशिकला तुम्ही तो एवढा चांगला फ्लॅट दार दक्षिणेला म्हणून सोडलात, आणि इथे घर बांधताना लोक आधी दक्षिणेचं ऊन बघतात. डिसेंबरात सूर्य इतका खाली असतो की भर दुपारीही जेमतेम 32 अंशांवर, त्यामुळे ऊन पार पलंगापर्यंत येतं, आणि उन्हाळ्यात तो डोक्यावर गेला की छज्जाच त्याला अडवतो. उत्तरेला खिडकीच नाही, तिकडे कोठार आणि जिना.

खिडकीशेजारी मातीच्या विटांची जाडजूड भिंत आहे, बाहेरून काळी रंगवलेली, आणि तिच्यापुढे थोडी फट सोडून काच. ट्रॉम्ब वॉल म्हणतात हिला. दिवसभर ती उन्हात तापते पण ती ऊब आतपर्यंत यायला काही तास जातात, म्हणजे रात्री जेवण झाल्यावर पाठ टेकावी तर मस्त कोमट लागते. आई, तुझ्या कंबरेला शेकायची पिशवी नको इथे. वर पॉपलरचे वासे, त्यावर विलोच्या काड्या, गवत आणि माती. लेहजवळच्या फे गावात सेकमॉल या शिक्षणसंस्थेचा कॅम्पस आहे, तिथे तर सगळी मुलं अशाच उन्हावर तापणाऱ्या मातीच्या इमारतींत राहतात.

सगळंच भारी आहे असं नाही हं. दोन-तीन दिवस ढग राहिले की खोली गारठते, मग आचे-ले (घरमालकीण) बुखारी, म्हणजे लाकडांची शेगडी, पेटवतात. झोपायच्या आधी विझवतो आणि झडप थोडी उघडी ठेवतो, आई तू उगाच काळजी करू नकोस. बाथरूम मात्र उत्तरेला, नळ गोठलेला, पाणी बादलीने न्यायचं, त्याबद्दल न बोललेलं बरं. समोरच्यांनी सिमेंटचं नवीन घर बांधलंय, दिसायला अगदी आपल्याकडचा बंगला, आणि बिचारे दिवसभर बुखारीत लाकडं सारत बसतात.

तुम्ही या, पण जानेवारीत नको, सप्टेंबरात या. बाबा, बीपीचं डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा, लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, आल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं, चालायला जातो वगैरे चालणार नाही. आणि गोडा मसाला संपलाय.

तुमची,
मनू