अनुदान नको, हिशेबनीस द्या : सांगलीच्या पालकमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पालकमंत्री, सांगली जिल्हा,
स. न. वि. वि.

साहेब, हे पत्र अनुदान मागायला लिहिलेलं नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा पडायच्या आत चार ओळी तरी वाचल्या जातील.

मी मिरजेत हिशेब लिहायचं काम करतो. दुकानदार आणि पतसंस्थांच्या जोडीला जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या काही छोट्या सेवाभावी संस्थाही माझ्याकडे येतात. कुणी ऊसतोड मजुरांच्या पोरांचे वर्ग घेतं, कुणी दिव्यांगांचे दाखले काढून देतं, कुणी टाकलेल्या बायकांच्या पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढतं. गावाला त्यांचं हे काम दिसतं. मला मार्चअखेर पिशवीत भरून आणलेल्या पावत्या दिसतात.

संस्था पैशाअभावी बंद पडतात, असं सगळेच म्हणतात. माझ्या पाहण्यात त्या आधी कागदात अडकतात आणि पैसा त्यानंतर आटतो.

एक उदाहरण घ्या. संस्थेचे म्हातारे अध्यक्ष वारले. सभेत नवे अध्यक्ष ठरले, टाळ्या वाजल्या, चहा झाला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 नुसार हा बदल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. तो बदल अर्ज करायचा तर सभेची नोटीस, हजेरी, ठराव, नव्या माणसाची संमती, सगळं जागच्या जागी लागतं. गावात हे कुणाला ठाऊक असतं? अर्ज उशिरा जातो, त्यात त्रुटी निघते, तारखा पडत राहतात. तोवर बँक म्हणते, शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनंच नाव आहे, नवी सही चालणार नाही. खात्यात पैसे असतात आणि बालवाडीच्या ताईंचा पगार थकतो. ऑनलाइन काही भरावं म्हटलं तर ओटीपी जातो संस्था सोडून गेलेल्या सचिवाच्या मोबाइलवर, आणि त्याचं नव्या मंडळाशी भांडण असतं.

आयकराची गोष्ट वेगळी. 2021 पासून 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि 80जीची (देणगीदाराला करसवलत) नोंदणी कायमची राहिली नाही, ठरावीक मुदतीनं ती नव्यानं करून घ्यावी लागते. 80जीची पावती दिली की त्या वर्षीच्या देणगीदारांची यादी 31 मेपर्यंत कळवायची. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी हवा असेल तर सीएसआर-1 या फॉर्मची नोंदणी लागते, तीही 2021 मध्येच आली. त्याआधी 2020 मध्ये परदेशी देणगीच्या कायद्यात बदल झाला आणि मोठ्या संस्थेला आपल्याला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवायची मनाई झाली. पुण्या-मुंबईच्या संस्थेमार्फत आपल्याकडच्या छोट्या संस्थांपर्यंत झिरपणारा तो पैसाही बंद झाला.

यातले बरेचसे नियम समजण्यासारखे आहेत. ट्रस्टच्या नावाखाली काय काय चालतं हे तुम्हाला मी सांगायला नको. नवरा अध्यक्ष, बायको सचिव, मेहुणा खजिनदार अशा संस्था या जिल्ह्यातही आहेत. पण गंमत अशी की त्यांचे कागद नेहमी चोख असतात, कारण त्यांना सीए परवडतो. नियमांच्या या चाळणीतून ते बरोबर पार होतात आणि दिवसभर वस्तीवर राबणारी संस्था अडकते. देणगीदारही शिलाई मशीन देतील, वॉटर फिल्टर देतील, त्यावर नाव घालून देतील. हिशेब लिहिणाऱ्याच्या पगाराला पैसे मागा, लगेच चेहरा बदलतो.

प्रशिक्षणानं काय होतं ते पाहायला आपल्याला लांब जायची गरज नाही. शेजारी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक 1997 मध्ये उभी राहिली. त्याआधी, प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं अर्ज नाकारला होता. बायका शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, तुमच्या साहेबांनाही काढायला सांगा. 2016 मध्ये पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, साताऱ्यातलं कोरेगाव त्यातला एक. कुदळ हातात घ्यायच्या आधी गावची माणसं प्रशिक्षणाला गेली होती. पहिला नंबर कोरेगावातल्याच वेळूनं काढला. सातारकरांना जमलं ते आपल्याला जमू नये?

आणि आपला तर सहकाराचा जिल्हा. सहकारी संस्थेच्या सभासदांना आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची तरतूद कायद्यातच आहे, त्यासाठी जिल्हा सहकारी बोर्ड आहे. ते किती चांगलं चालतं हा प्रश्न वेगळा, पण निदान जायला एक दार आहे. सेवाभावी संस्थेच्या सचिवानं शिकायला कुठं जायचं? तो माझ्यासारख्याकडे येतो. पैसे घ्यायला मला लाज वाटते आणि फुकट करायला वेळ पुरत नाही.

प्रशिक्षण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर जे येतं ते मात्र कृपा करून नको. हॉल, हार-नारळ, फोल्डर-पेन, पीपीटी, दुपारी मसालेभात आणि जाताना प्रमाणपत्र. माणूस घरी पोचेपर्यंत सगळं विसरतो. सचिवाला त्याच्याच संस्थेची कीर्दवही उघडून शेजारी बसून शिकवलं पाहिजे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येऊन तपासलं पाहिजे.

म्हणून मागणी अशी. आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात. नावीन्यपूर्ण योजनेतून तीन वर्षांसाठी एक साहाय्य केंद्र मंजूर करा. दोन-तीन वाणिज्य पदवीधर, एक कायदा जाणणारा आणि वर देखरेखीला एक अनुभवी सीए. एवढी माणसं पुष्कळ संस्थांचे हिशेब, मुदती आणि अर्ज सांभाळू शकतात. संस्थांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी भरावी, फुकट कुणालाच नको. फक्त हे केंद्र विजयनगरला कलेक्टर कचेरीत ठेवू नका. उमदीच्या माणसाला सांगलीला यायचं म्हणजे सगळा दिवस मोडतो. ठरलेल्या वारी जत, विटा आणि शिराळ्याला टेबल लागलं पाहिजे. त्याच टेबलावर वर्षातून दोनदा धर्मादाय कार्यालयाचे अधिकारी येऊन बसले, तर कितीतरी बदल अर्जांतल्या त्रुटी जागेवर निघतील.

या केंद्राचा आणखी एक उपयोग आहे. तालुक्यात कोण काय करतं याची यादी आज कुणाकडेच धड नाही. एकाच गावात तीन डोळे तपासणी शिबिरं होतात आणि शेजारच्या वाडीवर एकही नाही, हे नेहमीचंच. पण महापुरात याची किंमत फार मोठी पडते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी तिथं 45 ची. मदतीला उभ्या महाराष्ट्रातून गाड्या आल्या, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. पण मोठ्या रस्त्यावरच्या गावांत जुन्या कपड्यांचे ढीग साचले आणि आतल्या गावांत औषध मिळेना, हेही आपण सगळ्यांनी पाहिलं. 2021 ला पुन्हा तेच पाणी आलं. कुठल्या गावात कुठली संस्था, कुणाकडे बोट, कुणाकडे नर्स, गरोदर बायका आणि अंथरुणावरची माणसं कुठल्या घरात, हे मेमध्येच एकत्र बसून ठरवता येतं. तशी बैठक कुणी बोलावली तर संस्था येतील. एकमेकींकडे संशयानं बघतील, पण येतील. संस्थांमधला हेवादावा काही राजकारणापेक्षा कमी नसतो, त्यामुळे बोलावणारा त्रयस्थ हवा.

राहिला लोकांच्या आधाराचा प्रश्न. खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तेव्हा नदीतली वाळू विकून आलेला पैसा, देणग्या आणि श्रमदान यांच्या जोरावर बांधलं. लोक देत नाहीत, हे मला पटत नाही. हिशेब दाखवला की लोक देतात. जिल्ह्यातल्या पतसंस्थांच्या आणि कारखान्यांच्या ताळेबंदात धर्मादाय निधी असतो. त्यातला काही वाटा वह्यावाटपाऐवजी या केंद्राच्या खर्चाला द्या, असं तुम्ही एका बैठकीत म्हणालात तरी पुरे. तुमचा शब्द चेअरमन मंडळी टाळत नाहीत, हे आम्ही निवडणुकीच्या काळात बघतोच. कंपनी कायद्यानुसार सीएसआर देताना आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतल्या ज्या कंपन्यांना तो कायदा लागू आहे, त्यांनाही याच टेबलाशी आणून बसवता येईल.

जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. आम्हाला बोलावलंत तर भाषण करणार नाही. अडकलेले बदल अर्ज, थकलेल्या पगाराचा तक्ता आणि केंद्राचा खर्चाचा अंदाज, एवढेच कागद घेऊन येऊ.

आपला,
मिरजेतील एक हिशेबनीस