खजूर आधी बंद करा

आई, बाबा,

काल फोनवर काही धड बोलता आलं नाही, मी लोकलमध्ये लटकलेली आणि तुमच्याकडे मागे टीव्ही, कुकर सगळं एकदम चालू, म्हणून लिहूनच पाठवते. चष्मा लावून वाचा.

तर बाबांचं हिमोग्लोबिन ६.८ नाहीये! तसं असतं तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून वर राजकारणावर वाद घालायला दम उरला असता का? रिपोर्टचा फोटो मी मोठा करून बघितला, तिथे लिहिलंय एचबीएवनसी. आधी एचबी दिसलं की आपल्याला हिमोग्लोबिनच वाटतं, पण ही शुगरची टेस्ट आहे. खरं हिमोग्लोबिन पहिल्या पानावर आहे, १३.६, उत्तम. आणि आई तू आठ दिवस त्यांना खजूर, गूळ-शेंगदाणे आणि वर बिटाचा हलवा खायला घालतेयस!!

म्हणजे होतं काय, रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढे दिवस रक्तातली साखर त्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते, गुलाबजाम पाकात मुरतात ना तसंच समज, आणि किती टक्के हिमोग्लोबिन असं मुरलंय तो हा आकडा. गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब त्यात येतो. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.४ पर्यंत उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे डायबिटीस धरतात, डॉक्टर बहुतेक परत एकदा टेस्ट करून खात्री करतील. त्यामुळे बाबा, टेस्टच्या आदल्या दिवशी आंबा बर्फीला हात न लावून काही उपयोग नाही, उपाशीपोटीची शुगर फसेल एकवेळ, ही नाही फसत.

सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर आहे. खालचे काका काहीही म्हणोत, ग्रेड म्हणजे कॅन्सरची स्टेज नव्हे. लिव्हरमध्ये थोडी चरबी साठलीय, तीन ग्रेडमधली सगळ्यात हलकी, वजन उतरलं की कमी होऊ शकते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, १.१ ठीक आहे.

चिठ्ठीवर बीडी लिहिलंय ते दिवसातून दोनदा गोळी घ्यायची म्हणून, तुम्ही कॉलेजात ओढायचात त्याच्यावर डॉक्टरांनी टोमणा मारलेला नाही 😄 आणि एसओएस म्हणजे जिवाला धोका नाही गं आई, गुडघा दुखला तरच ती गोळी, एवढंच. रोज देत असशील तर थांबव.

शुक्रवारी डेक्कन क्वीननं येतेय, शनिवारी डॉक्टरांकडे तिघं जाऊ. उरलेला खजूर बाबांना सापडणार नाही असा ठेव, मला लागेल. माझं हिमोग्लोबिन खरंच ९.८ आलंय. लगेच फोन करू नकोस, गोळ्या चालू केल्यात.

तुमची,
चिमी