मॅडम, पॅनल उघडून दाखवल्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

तंत्रज्ञान प्रमुखपदावरून तुम्ही निवृत्त झालात. तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे जाहीर पत्र.

तुम्ही मूळच्या विजेच्या क्षेत्रातल्या. रिले, स्विचगिअर, ट्रान्सफॉर्मर यांत हात काळे करून मग आयटीकडे वळलात. आम्ही सगळे उलट्या वाटेने आलेलो. डेटाबेस तोंडपाठ, पण केडब्ल्यू (प्रत्यक्ष कामी येणारी वीज) आणि केव्हीए (पुरवठ्यातून ओढलेली एकूण वीज) यांतला फरक बिलावर कुठे दिसतो, ते तुम्ही समजावलंत. इलेक्ट्रिशियन आणि प्रोग्रामर यांना एका टेबलाशी बसवलंत. मीटरचा आकडा मॉडबसवरून (यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवायची ठरलेली पद्धत) सर्व्हरवर येतो तेव्हा वाटेत काय काय बिघडू शकतं, हे दोघांनाही कळायला हवं, असा तुमचा आग्रह असायचा.

चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या मोठ्या शीतयंत्राचा) तो प्रसंग मी नव्या मुलांना आवर्जून सांगतो. देखभालीनंतर चिलरचा वीजवापर स्क्रीनवर थेट एक तृतीयांशावर आला. बचतीचं सादरीकरणही तयार झालं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "तिन्ही फेजचे केडब्ल्यू वेगळे दाखवा." अँपिअर तिन्हीकडे जवळपास सारखे, पण बी फेजचे केडब्ल्यू उणे! पॅनल उघडलं, तर त्या फेजचा सीटी (तारेतला प्रवाह मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर) उलटा बसलेला. दोन फेजची बेरीज, तिसऱ्याची वजाबाकी, म्हणून एकूण आकडा तिसऱ्या हिश्शावर. सीटी सरळ केला आणि बचत गायब झाली. ग्राहकाला फोन मात्र तुम्ही स्वतः केलात, त्याच दिवशी. एवढ्या मोठ्या पदावर बसून नकोशी बातमी स्वतः सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

खरी बचत पुढे पंख्यांमध्ये सापडली. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्म्यावर येते. हे गणित तुम्ही फळ्यावर मांडलंत. तरीही दावा करायची घाई केली नाहीत. आधी बेसलाइन (बदलापूर्वीचा वीजवापर) काढा, बाहेरचं तापमान आणि कामाचे तास हिशेबात धरा, मगच टक्के बोला! 2011 मध्ये आयएसओ 50001 हे ऊर्जा व्यवस्थापनाचं मानक आलं तेव्हा अनेकांना त्यात भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र दिसलं. तुम्ही मात्र त्यातला मोजमापाचा भाग आमच्याकडून अक्षरशः घोटून घेतलात.

त्या शिकवणीवर आज माझं घर चालतं. मनापासून आभार, मॅडम.

आणि एक हक्काची विनंती. मीटरिंगवरची तुमची हस्तलिखित टिपणं छापायला हवीत. टायपिंग, आकृत्या, मुद्रितशोधन सगळं आम्ही करू. तुम्ही फक्त वह्या द्या.

तुमचा,
एक जुना सहकारी