बर्फाचाही साठा छापा

महोदय,

हिवाळ्यात मनालीजवळ बर्फात रुतलेल्या मोटारींचं छायाचित्र आपल्या अंकात हमखास येतं. खाली मजकूरही ठरलेला : उत्तरेत जोरदार हिमवृष्टी, विदर्भ गारठणार. थंडीची वर्दी म्हणून ठीक. पण माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणांवर गेली. किती पडला हे वाचलं की मला लगेच विचारावंसं वाटतं, साठा किती झाला?

माझी मुलगी आणि जावई जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला गेले होते. नातवासाठी सीताबर्डीवरून लोकरीचे हातमोजे घेतले होते. गंडोलातून, म्हणजे तिथल्या रोपवेतून, खाली पाहतात तर वाळलेलं गवत! महिना संपता संपता तिथे बर्फ पडला, फोटो सगळीकडे झळकले आणि तूट भरून निघाली अशी लोकांची समजूत झाली. ती भरून निघाली नव्हती. हिंदुकुश-हिमालयात जमिनीवर बर्फ किती टिकला, याचा हिशेब काठमांडूची ‘इसिमोड’ ही संस्था उपग्रहांच्या मदतीने ठेवते. त्या मोसमात तो सरासरीपेक्षा १८.५ टक्के कमी भरला. २०२५ मध्ये २३.६ टक्के कमी. हा तोवरच्या २३ वर्षांच्या नोंदीतला नीचांक, आणि तुटीचं सलग तिसरं वर्ष.

उशिरा पडणाऱ्या बर्फाचा भरवसा नसतो. डिसेंबर-जानेवारीतला बर्फ थरावर थर दबून घट्ट होतो, ऊन तिरपं असतं, म्हणून टिकतो. फेब्रुवारी-मार्चमधला ओला असतो आणि डोक्यावर ऊन चढत असतं. तो लवकर वाहून जातो. खालच्या उंचीवर तर वाढत्या तापमानामुळे बर्फाऐवजी पाऊसच पडू लागला आहे. पाऊस लगेच नदीला मिळतो, बर्फ मात्र उन्हाळ्यापर्यंत पाणी धरून ठेवतो. दरवाजे नसलेलं धरणच म्हणा ना! आणि बातमीतले सेंटिमीटर फसवे असतात. दहा सेंटिमीटर भुसभुशीत बर्फ वितळवला तर पाणी निघतं जेमतेम एक सेंटिमीटर.

आपल्या पेंच-कन्हान पावसावरच्या नद्या. हिमालय कोरडा गेला म्हणून तोतलाडोह धरणाची पातळी बोटभरही उतरणार नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण ज्या पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, तिकडे बर्फ पडतो, त्यांचाच हात फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडच्या गारपिटीत असतो. मृगबहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, संत्री तेव्हा झाडावर असतात. काटोल-नरखेडच्या बागायतदाराला विचारा.

२३ वर्षं म्हणजे काही फार लांबची नोंद नव्हे, असा आक्षेप कुणी घेईल. इटलीच्या आल्प्समध्ये संशोधकांनी जुनिपरच्या झुडपांच्या वाढीच्या वलयांवरून सहाशे वर्षांचा अंदाज बांधला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन बर्फाखाली राहण्याचा काळ तिथे दीर्घकालीन सरासरीपेक्षा ३६ दिवसांनी घटला आहे, आणि इतकी घट त्या सहाशे वर्षांत आधी कधी दिसत नाही. हिमालयात सगळीकडे एकच चित्र नाही, काराकोरम पर्वतरांगेतल्या हिमनद्या बरीच वर्षं तग धरून होत्या. पण म्हणून तर एका दिवसाच्या छायाचित्रावर भागत नाही.

उन्हाळ्यात आपण धरणांचा तक्ता छापता : आजचा साठा, गेल्या वर्षीचा, सरासरी. हिवाळ्यात महिन्यातून एकदा त्याच रकान्यांत गंगा आणि सिंधू खोऱ्यातल्या बर्फाच्या दोन ओळी द्याव्यात.

– एक निवृत्त शाखा अभियंता, त्रिमूर्तीनगर, नागपूर