वादकांना कामाचे प्रश्न विचारा

महोदय,

सिम्फनी ऑर्केस्ट्रातल्या वादकांच्या मुलाखतींची निम्मी जागा 'संगीताकडे कसे वळलात?' यातच जाते. त्यापेक्षा ओबो हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याला त्याच्या पातीबद्दल, म्हणजे फुंकल्यावर कंप पावून स्वर काढणाऱ्या तोंडाकडच्या भागाबद्दल, विचारावे. बोरूसारख्या वनस्पतीची दोन पाती बारीक नळीवर दोऱ्याने बांधून बरेचजण ती स्वतःच तासतात. टोकाला एक खरवड जास्त झाली की पाती वाया! हवा कोरडी पडली तर कालची उत्तम पाती आज बोलत नाही.

सभागृह तापले की फुंकवाद्यांचा स्वर चढतो, तारांचा उतरतो. सुरुवातीला ४४० हर्ट्झला (सेकंदाला ४४० कंपनांच्या स्वराला) जुळवलेले वाद्यवृंद उत्तरार्धात कसे सांभाळतात, हे कोणी विचारतच नाही.

मागच्या रांगेचे दुखणे वेगळेच. पुढच्या व्हायोलिनपासून १५ मीटरवर बसलेल्याला तो आवाज सेकंदाच्या सुमारे चार शतांश उशिरा ऐकू येतो. कानावर विसंबून वाजवले, तर श्रोत्यांपर्यंत उशीर दुप्पट होऊन पोहोचतो. म्हणून नजर कंडक्टरच्या हातावर ठेवावी लागते. हॉर्न या पितळी फुंकवाद्याचे तर तोंडच मागे, त्यामुळे हॉर्नवादकांना किंचित आधीच सुरुवात करावी लागते.

आवडता संगीतकार कोण, हे शेवटी विचारले तरी चालेल.

– एक वाचक